दोघांचा आठवडा, अनोळखी कोलकाता: खान्देशातून निघण्याआधीची आखणी

अनोळखी शहरात आठवडाभर दोघांनीच जायचं ठरलं की पहिली चूक घरीच होते. काय काय पाहायचं याची यादी आधी तयार होते, आणि कोणत्या वारी काय बंद असतं ते तिथे गेल्यावर कळतं. मग सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलच्या दारातून परत फिरायचं, भर मंगळवारी कालीघाटच्या रांगेत तीन तास उभं राहायचं आणि संध्याकाळी खोलीवर येऊन एकमेकांवर चिडायचं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी वार, मग शहराचा भाग, आणि ठिकाणं शेवटी. हा क्रम पाळला तर कोणत्याही शहरात आठवडा छान जातो. इथे कोलकाता घेतलं आहे, कारण भुसावळहून तिथे थेट गाडी आहे आणि दोघांना सात दिवस पुरेल एवढं ते शहर खोल आहे.

महिना

जळगाव-भुसावळचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला वाटतं, कोलकात्याचा पारा आपल्यापेक्षा खालीच असतो, मग मे महिन्यात जायला काय हरकत? हरकत दमटपणाची आहे. आपल्याकडे सावलीत बसलं की घाम वाळतो; तिथे हवेतच ओल असल्याने तो वाळत नाही आणि तासभर चाललं की माणूस गळून जातो. पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचतं. जायचं ते नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. कापसाची वेचणी बरीचशी उरकलेली असते, गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या भावाकडे किंवा सालदाराकडे सोपवता येतात.

या काळातही दोन आठवडे टाळा. नाताळ ते १ जानेवारी पार्क स्ट्रीट, प्राणिसंग्रहालय आणि मैदान माणसांनी फुलून जातं आणि खोल्यांचे भाव चढतात. मकर संक्रांतीच्या आसपास गंगासागरची जत्रा असते. देशभरचे यात्रेकरू हावड्याला उतरतात, त्यामुळे गाड्या, फलाट आणि बाबूघाटचा परिसर तुडुंब असतो. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा २० जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे आमच्या मते सर्वांत चांगले. जानेवारीच्या शेवटाला सॉल्ट लेकमध्ये पुस्तकमेळाही असतो.

दुर्गापूजेत पहिल्यांदाच जाऊ नका. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला तो उत्सव बघण्यासारखा आहे यात शंका नाही, पण त्या दिवसांत बघायचे ते मंडप, तेही रात्री, आणि चालून. रस्ते बंद असतात आणि नेहमीची ठिकाणं बघायची म्हटली तर सगळं अडतं. पूजेसाठी जायचं तर ती पूर्ण वेगळी आखणी.

गाडी आणि तारखेचा घोळ

भुसावळ ते हावडा नागपूरमार्गे चोवीस ते सव्वीस तास लागतात. गीतांजली एक्स्प्रेस (१२८५९) भुसावळला दुपारच्या सुमारास येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचवते. ही वेळ दोघांच्या सहलीला सोयीची, कारण उतरल्यावर हॉटेलची खोली तयार असते. मुंबई-हावडा मेल भुसावळला मध्यरात्रीनंतर येते. नंदुरबार, अमळनेरकडच्यांना अहमदाबाद-हावडा एक्स्प्रेस बरी पडते. ती सुरतहून तापीकाठाने येते, तेव्हा नंदुरबारच्या माणसाला भुसावळपर्यंत येण्याची गरज नाही. धुळेकरांनी चाळीसगावला येऊन पुढे भुसावळ गाठावं, आणि मधल्या गाडीसाठी किमान दोन तासांचं अंतर ठेवावं.

तिकीट काढताना तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली तारीख. मध्यरात्रीनंतर भुसावळला येणारी मेल मुंबईहून आदल्या रात्री सुटलेली असते. शुक्रवारी रात्री जेवण करून निघायचं म्हणून शुक्रवारचं तिकीट काढलं, तर ती गाडी शुक्रवारी पहाटेच निघून गेलेली असते. भुसावळहून तिकीट काढताना तुम्ही फलाटावर ज्या तारखेला पाय ठेवणार, ती तारीख घाला, म्हणजे शनिवार. मुंबईहून तिकीट काढून भुसावळला चढणार असाल तर मात्र मुंबईची तारीख, म्हणजे शुक्रवार. तिकीट हातात आलं की कॅलेंडर समोर ठेवून दोघांनीही मोठ्याने वाचा.

दुसरी गोष्ट, मुंबईहून तिकीट का काढायचं ती. मधल्या स्टेशनांना जागांचा कोटा थोडा असतो आणि तिथली प्रतीक्षायादी सावकाश सरकते. गाडी सुटते त्या स्टेशनापासूनचं तिकीट काढलं तर मोठ्या कोट्यातली जागा मिळते. चढण्याचं स्टेशन भुसावळ असं तिकीट काढतानाच नोंदवायचं. भाडं सुमारे साडेचारशे किलोमीटरचं जास्त पडतं, पण लांबच्या प्रवासात दर किलोमीटरचा भाव उतरत जातो, त्यामुळे फरक वाटतो तेवढा नसतो. चढण्याचं स्टेशन नोंदवायचं राहिलं आणि तुम्ही मुंबईला चढला नाहीत, तर तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. जाण्याचं तिकीट काढलं की परतीच्या तारखेचीही आठवण मोबाईलमध्ये त्याच दिवशी लावून ठेवा. बहुतेकांचं परतीचंच तिकीट अडकतं.

तिसरी गोष्ट, स्टेशनाचं नाव. हावडा, शालीमार, सांत्रागाछी, सियालदा आणि ‘कोलकाता’ ही पाच वेगळी स्टेशनं आहेत. आपल्याकडून जाणाऱ्या काही गाड्या शालीमारला संपतात. तिथून शहरात यायला बहुधा टॅक्सी किंवा बसच करावी लागते. शिवाय मुंबईहून प्रयागराज, गयामार्गे जाणारी मेलही भुसावळवरूनच जाते आणि तिच्याही नावात हावडा-मुंबई मेलच आहे. तिला बराच जास्त वेळ लागतो. नावावर न जाता गाडीचा क्रमांक आणि मार्ग बघा.

नवविवाहितांसाठी एक सूचना: तिकिटावर आणि हॉटेलच्या नोंदणीत तेच नाव घाला जे आधार कार्डावर आहे. लग्नात नाव बदललं, पत्रिकेत नवं आडनाव छापलं, पण आधारवर माहेरचंच नाव आहे, असं बऱ्याच जणींचं असतं. तिकीट सासरच्या नावाने निघालं तर गाडीत ओळखपत्र जुळत नाही. हॉटेलात दोघांचीही मूळ ओळखपत्रं मागतात. आडनावं वेगळी असली तरी कायद्याने अडत नाही, पण काही ठिकाणी उगाच चौकशा होतात. लग्नाच्या दाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये असला की ते दोन मिनिटांत मिटतं.

शिदोरी

चोवीस तासांत तीन जेवणं येतात. त्यातली पहिली दोन घरची असावीत. दशमीची कणीक पाण्यात न भिजवता दुधात भिजवा, मुठीएवढं मोहन घाला आणि दोन्ही बाजूंनी सावकाश भाजा. पाण्यात मळलेली पोळी दुसऱ्या दिवशी चामट होते, दशमी मऊ राहते. भाजल्यावर सुती फडक्यावर एकेक सुटी पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात रचा. गरम दशम्या डब्यात बंद केल्या की वाफेचं पाणी सुटतं आणि रात्रीतून वास येतो. दशम्या बिघडतात त्या बहुतेक याच कारणाने. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी, लसणाची चटणी, थोडं लोणचं. ओलसर ठेचा पहिल्या जेवणापुरताच घ्या. भुसावळ-रावेरची केळी घ्यायची तर अर्धी कच्ची, पिशवीत सर्वांत वर.

चटणीची एक छोटी बरणी परत येईपर्यंत पुरवून ठेवा. बंगाली डाळीत आणि भाजीत साखर असते. पहिल्या दिवशी ते आवडतं. तिसऱ्या दिवशी खान्देशी जिभेला तिखटाची ओढ लागतेच.

खोली कुठे घ्यावी

हावडा स्टेशनाच्या आसपास घेऊ नका. गाडीतून उतरल्यावर ते जवळ वाटतं, पण रोज सकाळी नदी ओलांडून शहरात जावं लागतं आणि आसपास गोंगाट फार. नकाशावर मेट्रोची निळी मार्गिका बघा; ती उत्तरेला दक्षिणेश्वरपासून शहराच्या मध्यातून दक्षिणेकडे जाते. एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन या चार स्टेशनांपैकी कोणत्याही एकापासून चालत दहा मिनिटांच्या आत खोली हवी. देशातली पहिली मेट्रो याच मार्गावर, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, आणि हुगळीखालून जाणारी हिरवी मार्गिका २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून हावडा ते एस्प्लनेड हे अंतर काही मिनिटांचं झालं आहे. एस्प्लनेडला दोन्ही मार्गिका मिळतात, म्हणून आम्ही तोच भाग सुचवतो.

संकेतस्थळावर खोली निवडली की हॉटेलला स्वतः फोन करा आणि पाच गोष्टी विचारा. खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? (जुन्या इमारतींत खिडकी पुष्कळदा पडवीकडे किंवा भिंतीकडे उघडते, आणि फोटोत ते कळत नाही.) गरम पाणी दिवसभर की ठराविक वेळी? लिफ्ट आहे का? खोलीचा दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारा ते बारा? आणि पलंग एक मोठा की दोन जोडलेले? अभिप्राय वाचताना पाच आणि एक तारा सोडून तीन तारेवाले वाचा, तेही गेल्या तीन महिन्यांतले. त्यातच खरं काय ते असतं: पाण्याचा दाब कमी, शेजारी लग्नाचा हॉल, नाश्ता साडेआठशिवाय मिळत नाही.

पैसे भरताना पहिल्या दोन रात्री पक्क्या करा आणि पुढच्या चार रात्री रद्द करता येतील अशा ठेवा. खोली वाईट निघाली तर सहा रात्री तिथेच काढायची वेळ येत नाही.

दोघांनी दोन कागदांवर लिहायचं

निघण्याच्या महिनाभर आधी करायचं हे काम बहुतेक जोडपी करतच नाहीत. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न विचारता, तीन-तीन गोष्टी लिहायच्या: ‘हे झालंच पाहिजे’. खाली एक ओळ: ‘हे मला नको’. मग कागद शेजारी ठेवायचे. एकाच्या कागदावर पहाटेचा फुलबाजार आणि दुसऱ्याच्या ‘नको’मध्ये पहाटे उठणं, हे घरी कळलं तर त्यावर तोडगा निघतो. गाडीत कळलं तर भांडण होतं. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईला तर ‘तुला काय हवं?’ असं कुणी कधी विचारलेलंच नसतं; ती ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणून कागद कोरा ठेवते. तो कोरा घेऊ नका. दोन दिवस थांबा, पण तिच्या हाताने तीन ओळी लिहून होऊ द्या.

सहाही गोष्टी आठवड्यात बसतात. एका दिवसाची सूत्रं एकाकडे, दुसऱ्या दिवसाची दुसऱ्याकडे ठेवा. ज्याचा दिवस, त्याने रस्ता शोधायचा, जेवण ठरवायचं आणि पैसे द्यायचे. दुसऱ्याने त्या दिवशी ‘मी आधीच म्हटलं होतं’ हे वाक्य उच्चारायचं नाही. आणि आठवड्यात एक अर्धा दिवस दोघांनी वेगवेगळं फिरायला हरकत नाही. तिला गरियाहाटला साड्या बघायच्या असतील आणि त्याला कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तकं, तर दोघांनी एकमेकांच्या मागे ताटकळत उभं राहण्यापेक्षा संध्याकाळी ठरलेल्या मेट्रो स्टेशनवर भेटावं.

घरच्या फोनचंही ठरवून घ्या. रात्री साडेआठला एकदा, दहा मिनिटं. दिवसभर ‘आता कुठे आहात’ची उत्तरं देत बसलं तर सहल दोघांची राहत नाही.

वारांचा हिशेब

शुक्रवारी दुपारी भुसावळहून निघा, शनिवारी दुपारी हावडा, पुढच्या शुक्रवारी दुपारच्या गीतांजलीने परत. शनिवारची अर्धी दुपार आणि निघायच्या शुक्रवारची सकाळ सोडली तर हाताशी पूर्ण दिवस पाचच राहतात. त्यात दहा ठिकाणं सुखाने होतात, वीस होत नाहीत.

आणखी एक गोष्ट आखणीत धरावी लागते, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. घड्याळ तेच असलं तरी कोलकात्याचा सूर्य जळगावच्या सूर्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो, कारण ते शहर आपल्या पूर्वेला जवळजवळ तेरा रेखांशांवर आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे पाचच्या आतच सूर्यास्त होतो. आपल्या सवयीने नऊला उठून अकराला बाहेर पडलं तर उजेडाचे सहाच तास उरतात. सहाला उठा; सकाळी शहर रिकामं असतं, दुपारी दोन तास खोलीवर पडता येतं आणि संध्याकाळ पुन्हा ताजी मिळते.

शनिवारी काहीही ठरवू नका. हावड्याला नागपूरकडच्या गाड्या बहुतेक नव्या इमारतीत लागतात. सामान थोडं असेल तर मेट्रो, नाहीतर प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवरून पावती घेऊन टॅक्सी. ‘हॉटेल बंद झालंय, दुसरं दाखवतो’ म्हणणाऱ्याला उत्तर न देता पुढे चला. अंघोळ करून एस्प्लनेडच्या आसपास तासभर चाला, लवकर झोपा.

रविवारी पहाटे मलिक घाटचा फुलबाजार. तो हावडा ब्रिजच्या कोलकात्याकडच्या टोकाला, पुलाच्या अगदी खाली भरतो. सहाच्या आत पोचा. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून टॅक्सीने जा. झेंडूच्या माळा तिथे एकेक विकत नाहीत. पंधरा-वीस माळांचा एक जाडजूड वेटोळा, असे वेटोळे गळ्यात आणि दोन्ही खांद्यांवर टाकून माणसं उभी असतात. लांबून केशरी-पिवळे खांबच दिसतात. वाट जेमतेम दोन हात रुंद आणि खाली चिखल असतो. डोक्यावर टोपली घेतलेला हमाल मागून ओरडत आला की चटकन बाजूला व्हायचं, तो थांबत नाही, कारण ओझं घेऊन त्याला थांबता येत नाही. बंद बूट घाला, चपला नकोत. मग घाटाच्या पायऱ्यांवर जा आणि तिथून पूल बघा. १९४३ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा पूल नटबोल्टने नाही, रिवेट ठोकून जोडलेला आहे आणि नदीत एकही खांब नाही. तिथून चालत बिबादी बाग या कचेऱ्यांच्या भागाकडे या. रविवारी कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे, त्यामुळे जुन्या इमारतींकडे मान वर करून बघता येतं. इतर दिवशी तिथे उभं राहायला जागा नसते.

सोमवारी संग्रहालयं बंद. व्हिक्टोरियाची दालनं, भारतीय संग्रहालय, रवींद्रनाथांचं जोडासांकोचं घर, तिन्ही. म्हणून सोमवार दक्षिणेश्वर आणि बेलूर मठाचा. शनिवार, मंगळवार आणि अमावास्येला कालीच्या देवळांत गर्दी असते, सोमवारी त्यामानाने कमी. राणी रासमणींनी १८५५ मध्ये बांधलेलं दक्षिणेश्वरचं देऊळ आणि समोरच्या काठावरचा बेलूर मठ ही दोन्ही ठिकाणं दुपारी काही तास बंद असतात. सकाळी निघालेली माणसं दक्षिणेश्वर उरकून होडीने बेलूरला जातात आणि फाटकाबाहेर तीन तास बसून राहतात. त्याऐवजी दुपारचं जेवण करून निघा. दक्षिणेश्वर उघडलं की दर्शन, मग होडी, उजेड असताना मठाचा परिसर आणि दिवेलागणीला आरती. मोबाईल देवळात नेता येत नाही. जमा करायच्या खिडकीचा बिल्ला एकाने सांभाळा आणि आत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

मंगळवारी सकाळी भारतीय संग्रहालय, दुपारनंतर व्हिक्टोरिया. संग्रहालयाची स्थापना १८१४ ची. सगळी दालनं करू नका, पाय दुखून काही लक्षात राहत नाही. भरहूतच्या स्तूपाच्या कठड्याचं दालन मात्र सावकाश बघा. अजिंठा आपल्या उशाला आहे, लहानपणापासून पाहिलेला असतो. त्याच जातककथा त्याच्याही आधी दगडात कशा कोरल्या ते इथे दिसतं. जोडप्यांनी व्हिक्टोरियाची बाग ऊन कलताना गाठावी.

बुधवार उत्तर कोलकात्याचा. गिरीश पार्क स्टेशनवरून जोडासांको, तिथून कॉलेज स्ट्रीट, मग शोभाबाजार स्टेशनवर उतरून कुमारटुली. कॉलेज स्ट्रीट रविवारी जवळजवळ बंद असतो, म्हणून तो इथे घेतला. कुमारटुलीत मूर्तिकार कामात असतात. फोटो काढण्याआधी विचारा, आणि ओल्या मातीला हात लावू नका. पुढे बागबाजारकडे चालत गेलात तर मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याची ती आठवण. तिथल्या आज्या अजूनही ‘बर्गी’, म्हणजे मराठा स्वार, येतील म्हणून नातवंडांना निजवतात. मराठी माणसाने हे मनात ठेवून तिथे वावरावं.

गुरुवार मोकळा ठेवा, किंवा शांतिनिकेतनला द्या. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या कल्पनेमागे रवींद्रनाथांच्या विश्वभारतीची प्रेरणा होती, तेव्हा अमळनेरकडच्या माणसाला तिथे जावंसं वाटणं साहजिक आहे. हावड्याहून बोलपूर रेल्वेने अडीच-तीन तास. एका दिवसात होतं, पण दिवस पूर्ण जातो आणि दोन्ही बाजूंचं आरक्षण आधी लागतं. बुधवारी चुकूनही जाऊ नका, विश्वभारतीची साप्ताहिक सुट्टी तेव्हा असते. शांतिनिकेतन नको असेल तर गुरुवारी सकाळी लवकर कालीघाट. गाभाऱ्याशी घाई करणारे आणि ‘विशेष दर्शन’ देऊ करणारे भेटतील. दक्षिणा किती ते मनाशी ठरवून सुटे पैसे हातात ठेवा, पाकीट बाहेर काढू नका. दुपार वेगवेगळं फिरण्याची. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं.

जेवण

मासे खाणाऱ्यांनी सुरुवात भेटकीने करावी, काटे कमी असतात. इलिश चवीला वरचढ, पण केसासारखे काटे. सवय नसेल तर बोटांनी सोडवून सावकाश खा.

शाकाहारी, माळकरी आणि जैन मंडळींची चिंता खरी आहे, पण उपाय सोपा आहे. नाश्ता हे त्यांचं मुख्य जेवण माना. मिठाईच्या दुकानांत सकाळी हिंगेर कचोरी किंवा राधावल्लभी आणि बटाट्याची रस्साभाजी मिळते. बहुतेक ठिकाणी त्यात कांदा-लसूण नसतं. लुची आणि छोलार डाळही तशीच. थंडीत मटारची कचोरी चुकवू नका. दुपारी बडाबाजारकडच्या मारवाडी भोजनालयांत पोटभर जेवण मिळतं.

बंगाली खानावळीत मात्र ‘व्हेज आहे का’ एवढं विचारून भागत नाही. मुगाच्या डाळीत माशाचं डोकं घालायची पद्धत आहे, केळफुलाच्या आणि दुध्याच्या भाजीत कोळंबी असू शकते. शब्द लक्षात ठेवा: ‘निरामिष’. आपल्याला अर्थ कळतोच आणि तिथे तो रोजच्या बोलण्यातला आहे. पुढे ‘माछ, चिंगडी किछु नेई तो?’ (मासा, कोळंबी काही नाही ना?) असं विचारा. तिखट हवं तर ‘झाल’. किंमत विचारायला ‘कोतो?’; अहिराणीत आपण ‘कितला’ म्हणतो, त्याच्या अगदी शेजारचा शब्द. पुरुषाला दादा, बाईला दीदी. हाक गोड मारली की रस्ताही नीट सांगतात.

स्वयंपाक मोहरीच्या तेलात असतो आणि झालमुरी या तिथल्या भेळेवर ते कच्चंच घालतात. सवय नसलेल्या पोटाला पहिल्या दिवशी ते जड जातं. पहिले दोन दिवस थोडं खा, बाटलीबंद पाणी प्या, ओआरएसच्या चार पुड्या जवळ ठेवा. डासांसाठी मलम किंवा यंत्र लागतंच.

पैसे आणि खरेदी

निघण्याआधी चार पाकिटं करा: तिकीट आणि खोली, रोजचा खर्च, खरेदी, आणि एकूण रकमेच्या सहाव्या हिश्शाइतकी राखीव. रोजच्या खर्चाला सहाने भागून रात्री दोघांनी मिळून मोबाईलमध्ये लिहा, पाच मिनिटं लागतात. यूपीआय जवळपास सगळीकडे चालतं. होडी, चहा आणि रिक्षासाठी दहा-वीसच्या नोटा हव्यात.

खरेदीत घात होतो तो घरच्यांच्या यादीने. सासूबाई, दोन नणंदा, जाऊ, शेजारीण, प्रत्येकीला साडी म्हटलं की गुरुवारची सगळी दुपार दुकानात जाते आणि बॅग दुप्पट होते. माणशी रक्कम आधी ठरवा. रोज नेसायला तांत ही बंगाली सुती साडी चांगली, पण नवी तांत खळीमुळे कडक असते आणि पहिल्या धुण्यात मऊ पडते. हे घरी सांगा, नाहीतर ‘साडी बिघडली’ म्हणतील. जामदानी घेताना उलट बाजू बघा: विणलेल्या बुट्टीचे धागे मागे दिसतात, छापील असेल तर दिसत नाहीत.

कपडे माणशी चार जोड पुरतात. जाड जीन्स तिथल्या हवेत दोन दिवस वाळत नाही, पातळ सुती घ्या. बुधवारी एकदा धुवायला टाका.

मिठाई शुक्रवारी सकाळीच घ्या, आदल्या दिवशी नाही. संदेश छेन्याचा असतो, आणि छेना लवकर आंबतो. दुकानात ‘नरम पाक’ आणि ‘कडा पाक’ असे दोन प्रकार मागता येतात. नरम पाक तोंडात विरघळतो, पण त्यात ओल जास्त. तो गाडी खरगपूर सोडायच्या आत संपवा. कडा पाक जास्त आटवलेला असतो, थंडीत भुसावळपर्यंत नीट येतो. रसगुल्ले घ्यायचे तर डबाबंद. नलेन गुडाचा संदेश फक्त हिवाळ्यात मिळतो, आणि त्या खजुराच्या गुळाची घट्ट ढेप, पाटाली, घेतली तर ती घरी आणखी काही दिवस टिकते. पातळ गुळाची बाटली बॅगेत फुटते. खोके बर्थखाली ठेवू नका. वर, पंख्याच्या वाऱ्याला, कागदी पिशवीत उघडे ठेवा, आणि हावड्याला गाडीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा, कारण फलाट ऐनवेळी बदलला तर नव्या-जुन्या इमारतींमधलं अंतर सामान घेऊन चालायला पंधरा मिनिटं जातात.